बागेत ढीग, ताटात घाई: परसबाग आणि सजग जेवण यांचा मेळ कसा घालायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार माणसं, घरामागे साधारण १०० चौरस मीटर जागा, दोन हंगाम भाजी लावून झाली. टोमॅटोची वीस रोपं, काकडीचे दहा वेल, एक वाफा पालक, एक वाफा मुळा, सगळं एकाच सुट्टीच्या दिवशी लावलेलं. तीन आठवडे टोपल्या ठेवायला जागा नाही आणि मग दीड महिना काहीच नाही. निम्मं पीक कंपोस्टात जातं. ज्यासाठी हे सगळं सुरू केलं, म्हणजे आपण काय खातोय याकडे लक्ष देऊन जेवायचं, ते राहिलंच. जेवताना फोन हातात असतोच आणि मुलं घरच्या भाजीला तोंड लावत नाहीत. बागेत चुकतंय की सवयीत, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते दोन्हीचं मूळ एकच आहे. तुमची बाग बियांच्या पाकिटावरून आखली गेलीय, ताटावरून नाही. ओट्यावर आठ किलो टोमॅटो पडलेले असले की माणूस चव बघत नाही, ढीग कसा संपेल ते बघतो. "आज काय खावंसं वाटतंय" याऐवजी "आज काय सडायला आलंय" हा प्रश्न स्वयंपाकघर चालवू लागतो. अशा घरात सजग खाण्याचा कितीही निश्चय केला तरी तो आठवडाभरात ढासळतो. म्हणून आधी पेरणी सुधारा. जेवणाचं निम्मं काम त्यातूनच होतं.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. फळभाज्यांना रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांवरही निभावतात. उन्हाळा कडक आहे की थंडीत दहिवर गोठतं, पाणी किती आहे, घरात स्वयंपाक कोण आणि कधी करतं, यावर आकडे बदलतील. खालचे दिवस आणि वजनं मध्यम हवामानासाठी आणि बऱ्यापैकी मातीसाठी धरा.

पहिल्यांदा अपेक्षा जागेवर आणू. १०० चौरस मीटरमध्ये कुटुंब "स्वतःचं अन्न स्वतः" पिकवू शकत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे वर्षाला ७ लाख ३० हजार. एक किलो बटाट्यात साधारण ७७० किलोकॅलरी असतात. नुसत्या बटाट्यावर जगायचं म्हटलं तरी एका माणसाला वर्षाला साडेनऊशे किलो लागतील आणि चौरस मीटरला अडीच किलो उत्पन्न धरलं तर एकट्यासाठीच ३८० चौरस मीटर जातील. धान्याला तर याहून कितीतरी जास्त जागा हवी. तेव्हा पोट भरणारं अन्न बाहेरून येऊ द्या. तुमची जागा ताजेपणावर चव ठरते अशा गोष्टींना द्या: पालेभाज्या, कोवळ्या शेंगा, मटार, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर. कांदा-बटाटा घरचा असो वा विकतचा, ताटात फारसा फरक कळत नाही. मटाराचा मात्र सकाळ-संध्याकाळ फरक कळतो, कारण तोडल्यापासून त्यातली साखर वेगाने स्टार्चमध्ये बदलू लागते.

आता ताटावरून आखणी म्हणजे काय ते टोमॅटोवर दाखवतो. सलग दोन आठवडे, विकतची असो वा घरची, स्वयंपाकात गेलेली भाजी वजन करून वहीत लिहा. विकत आणलेली नव्हे, शिजवलेली किंवा कच्ची खाल्लेली. समजा टोमॅटो आठवड्याला तीन किलो निघाले. काठीला बांधून वाढवलेलं एक झाड हंगामात साधारण तीन-चार किलो देतं. तोडा आठ आठवडे चालतो असं धरलं तर गरज चोवीस किलोची, म्हणजे सात-आठ झाडांची. तुमच्या वीस झाडांनी साठ ते ऐंशी किलो दिले असणार, ढीग का झाला ते इथेच कळतं. त्यातून रोपं ठेंगण्या, झुडपी जातीची असतील तर त्यांची फळं दोन-तीन आठवड्यांतच एकदम पिकतात. सॉस करून ठेवायचा असेल तर ती जात सोयीची. रोजच्या खाण्यासाठी वाढत राहणारी, वेलासारखी चढणारी जात घ्या. चार झाडं आत्ता लावा, चार दीड महिन्याने. काकडीचे तीन वेल चौघांना पुरून उरतात.

पालेभाज्या आणि झटपट येणाऱ्या भाज्यांसाठी खरी युक्ती टप्प्याटप्प्याने पेरण्याची. हे सांगतात सगळे, पण "दर पंधरा दिवसांनी पेरा" हा सल्ला फसवा आहे. थंडीत पेरलेलं बी सावकाश वाढतं, उबेत भराभर. त्यामुळे कॅलेंडर पाहून पेरलेले दोन टप्पे पुष्कळदा एकाच वेळी तयार होतात. त्यापेक्षा झाडाकडे बघा. बी उगवल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या बीजदलांच्या गुळगुळीत, साध्या जोड्या. मुळ्याच्या त्या पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या असतात आणि पालकाच्या लांबट, गवतासारख्या. त्यांच्या मधून त्या भाजीची ओळखीची खरी पानं फुटतात. मागच्या पेरणीला ही खरी पानं आली की पुढची पेरणी करायची. थंडीत हे अंतर आपोआप वाढतं, उबेत कमी होतं आणि काढणी पुष्कळशी समान अंतराने येते.

किती पेरायचं तेही आधीच ठरवा. छोटा गोल मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो. तीन-चार सेंटीमीटरवर टोकला तर मीटरभर ओळीत पंचवीस-तीस मुळे बसतात. एका टप्प्याला एवढे बास. उबेत आठवडाभर काढायचा राहिला तर तो आतून जाळीदार होतो आणि तिखटपणा झोंबायला लागतो, म्हणून वाफाभर मुळा एकदम पेरणं म्हणजे तो फुकट घालवणं. पालकाच्या चौरस मीटरभर जागेतून साधारण एक ते दीड किलो पानं मिळतात, चौघांची तीन जेवणं. बाहेरची पानं खुडत राहा, मधला कोंब सोडा. झुडपी फरसबी ५० ते ६० दिवसांत लागते. मीटरभर ओळीतून पाऊण किलोच्या आसपास शेंगा मिळतात, म्हणजे तीन मीटर ओळीतून दोन-अडीच आठवड्यांत पाचेक वेळची भाजी. गाजर ७० ते ९० दिवस घेतं, पण जमिनीत थांबतंही, त्यामुळे त्याच्या मागे फार धावावं लागत नाही.

यात बिघडतं कुठे? बहुतेकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी. दिवस मोठे आणि गरम झाले की पालक आणि कोथिंबीर पानं सोडून फुलावर येतात. मग कितीही पाणी घाला, पानं कडू आणि बारीकच होणार. लेट्यूसचं बी तर माती तिशीच्या वर तापली की बहुतेक वेळा उगवतच नाही आणि बी खराब निघालं अशी समजूत होते. संध्याकाळी पेरा, वर ओलं पोतं टाका, कोंब दिसताच पोतं काढा आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा द्या. एवढं करूनही जमलं नाही तर त्या दोन महिन्यांपुरती दुसरी, उष्णता सोसणारी भाजी धरा. हट्टाने काही साधत नाही. दुसरी अडचण म्हणजे वाफा रिकामा झाला तेव्हा लावायला रोप हाताशी नसतं. त्यासाठी ट्रेमध्ये दहा-पंधरा रोपं कायम तयार ठेवायची सवय लावा. तुमचा दीड महिन्याचा खंड बहुतेक यातूनच आलाय.

मातीबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमची तक्रार उत्पन्नाची नाही. दर हंगामात अडीच सेंटीमीटर कुजलेलं कंपोस्ट, म्हणजे चौरस मीटरला पंचवीस लिटर. पाणी आठवड्याला चौरस मीटरला पंचवीस लिटर, कडक उन्हात त्याच्या दीडपट ते दुप्पट. एक गोष्ट मात्र ठासून सांगतो: कच्चं शेण किंवा कोंबडीखत पालेभाज्या आणि कंदांच्या वाफ्यात घातलं तर काढणीपर्यंत निदान १२० दिवस जाऊ द्या. लेट्यूस आणि मुळा आपण कच्चा खातो आणि ताज्या खतातले जंतू नुसत्या धुण्याने पूर्ण जात नाहीत. पूर्ण कुजलेल्या खताची ही अडचण नसते.

आता तोडणीकडे येऊ. बाग आणि ताट यांना जोडणारा हाच दुवा आहे आणि तुमच्याकडे तो तुटलाय. तुम्ही लिहिलंय की रविवारी सगळं तोडून फ्रिजमध्ये भरता. तसं केलं की उरलेल्या सहा दिवसांसाठी तुमची बाग म्हणजे घरातलंच एक दुकान होतं. शक्य असेल तेव्हा त्या जेवणापुरतं, त्या जेवणाच्या आधी तोडा. पालेभाजी मात्र सकाळी लवकर खुडा. तेव्हा पानांत पाणी भरलेलं असतं, दुपारी ती मलूल होतात. धुवून, निथळून, फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवली की संध्याकाळपर्यंत छान राहते. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका. १०-१२ अंशांच्या खाली त्याचा वास मरतो आणि गर भुसभुशीत होतो. काकडी आणि फरसबीलाही फार गारठा सोसत नाही.

फरसबी आणि काकडी एक दिवसाआड बघावीच लागते. वेलावर एक काकडी जून होऊन पिवळी पडली की वेलाची ताकद बी पिकवण्यात जाते आणि नवी फळं धरणं मंदावतं. पुष्कळांना वाटतं वेल थकला. खरं तर पानाआड लपलेली एक काकडी काढली की तो पुन्हा लागतो.

सजग खाण्याचा सराव मी इथूनच, वाफ्यापासून सुरू करायला सांगतो. तुम्ही बहुधा मनुकेच्या सरावाबद्दल वाचलं असेल: १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण हलका करण्यासाठी जो सजगतेचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात एक मनुका हातात घेऊन, हुंगून, जिभेवर घोळवून सावकाश खायला लावतात. सराव चांगला आहे, पण घरी दोनदा केला की कंटाळा येतो, कारण मनुका दरवेळी तशीच असते. फरसबीची शेंग तशी नसते. त्याच झाडावरच्या तीन शेंगा तोडा: एक पेन्सिलीपेक्षा बारीक, एक पेन्सिलीएवढी, एक दाणे टचटचून वर आलेली. तिन्ही दोन-तीन मिनिटं एकत्र उकळा आणि एकेक चावून बघा. पहिली गोड आणि पाणीदार. दुसरी मोडताना कट्‌ आवाज येतो आणि चव भरलेली. तिसरीची शीर दातात अडकते आणि पिठूळ चव येते. पुढच्या खेपेला कोणती शेंग तोडायची हे मग हातालाच कळतं. असाच फरक लेट्यूसच्या सकाळच्या आणि दुपारच्या पानात बघा, मुळ्याच्या पंचविसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी बघा. तुलना करायला मिळाली की लक्ष आपोआप लागतं, ते ओढून आणावं लागत नाही.

बागेत चव घेताना दोन गोष्टी सांभाळा. काकडी, भोपळा, दुधी या कुळातलं फळ कडू लागलं तर लगेच थुंका आणि फळ फेकून द्या. तो कडवटपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही आणि जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात. घरी धरलेल्या बियांतून, विशेषतः शेजारी शोभेचे भोपळे असतील तर, अशी कडू फळं निघतात. दुसरं, वाळलेल्या घेवड्याचे आणि राजम्याचे दाणे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चाखू नका. निदान पाच तास भिजवून, पाणी ओतून टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. अगदी मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेलं भांडं यासाठी पुरेसं नाही.

जेवणाच्या टेबलावर मी फार थोडं मागतो. पूर्ण जेवण मौनात आणि बत्तीस वेळा चावून, हे चार माणसांच्या घरात टिकत नाही. फोन दुसऱ्या खोलीत, उलटा करून टेबलावर नव्हे. पहिली पाच मिनिटं बागेतून आलेली गोष्ट आधी खायची, आणि शक्यतो ती साधी ठेवायची: मीठ, थोडं तेल, बास. मसाल्यात बुडवली तर घरची आणि विकतची यातला फरक तुम्हालाही कळणार नाही. पातेली ओट्यावरच ठेवा, पहिल्यांदा थोडं वाढा. पोट भरल्याचे इशारे पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थोडं थांबा. उठून पातेल्यापर्यंत जावं लागलं की ते थांबणं आपोआप होतं. नंतर हवं तर खुशाल घ्या. इथे मन मारायचं नाहीये.

यातून वजन उतरेल अशी आशा धरून बसू नका. भावनेच्या भरात किंवा एकदम भरमसाट खाण्याच्या सवयीला या सरावाचा उपयोग होतो, वजनाबाबतचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. घरात कुणाला मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर "भूक लागेल तेव्हाच खायचं" हा नियम त्यांना लावू नका, त्यांच्या वेळा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच राहू द्या. खाण्याच्या विकारातून गेलेल्या माणसाला प्रत्येक घासाकडे लक्ष देणं त्रासाचंही ठरू शकतं.

मुलांचं सांगतो. नवी भाजी आवडायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळेला हार मानतात. ताटात एक फोड ठेवायची, खाल्ली नाही तर काही बोलायचं नाही, आग्रह नाही आणि बदल्यात गोड पदार्थाचं आमिषही नाही. मुलाला एक स्वतंत्र मीटरभर ओळ द्या, तीत मुळा किंवा मटार लावा, कारण ते लवकर येतात आणि कच्चे खाता येतात. मूल वाफ्यात उभं राहून शेंग सोलून खात असेल तर तेवढ्यात जेवणाचा विषय काढू नका.

इतकं करूनही कधीतरी भाजी उरणारच. फरसबी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, पालक दोन मिनिटं, मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, कोरडी करून उणे १८ अंशांवर ठेवली की आठ-दहा महिने टिकते. उकळायची पायरी टाळली तर त्यातली विकरं (एन्झाइम) थंडीतही काम करत राहतात आणि भाजीला गवतासारखा वास येतो. कोबी बारीक चिरून, एक किलोला वीस ते पंचवीस ग्रॅम मीठ चोळून, स्वतःच्या पाण्यात पूर्ण बुडालेली ठेवली की १८ ते २२ अंशांत दोन-चार आठवड्यांत छान आंबते. वर तरंगणारं पान मात्र बुरशीला आमंत्रण. घरच्या फरसबीच्या, मटाराच्या किंवा मक्याच्या बाटल्या नुसत्या उकळून हवाबंद करू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांत मरत नाहीत आणि कमी आंबट अन्नात हवा नसली की त्यांना फावतं. त्याला दाबाखाली ११६ ते १२१ अंश लागतात आणि त्याच कामासाठी बनवलेलं भांडं लागतं.

आत्ता काय करायचं, तर १.२ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब असे दहा वाफे पाडा, मध्ये ४५ सेंटीमीटरची वाट. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचतो, वाफ्यात पाय पडत नाही. ही ४८ चौरस मीटर लागवड झाली आणि चौघांना ती सांभाळायला पुरेशी आहे. दोन वाफे टोमॅटो-काकडीला, दोन शेंगांना, तीन पालेभाज्यांना, एक गाजर-बीटला. उरलेले दोन मोकळे ठेवा. ते रिकामे पाहून हात शिवशिवतील आणि उरलेलं पाकीट तिथे ओतावंसं वाटेल. त्याऐवजी पाच-सात सेंटीमीटर वाळल्या पानांचं आच्छादन टाकून ठेवा आणि पुढच्या टप्प्याची रोपं चार-पाच पानांवर आली की आच्छादन तेवढ्यापुरतं बाजूला सारून तिथे लावा.